डावीकडचा क्लच

हिमांशू, तो मोबाईल आधी उलटा ठेव. उजेड डोळ्यात येऊन राहिला. लाईट यायची तवा येईल, शेकोटी आहे न पुढं. शुभम, तूही बस. लाकडं सरकव थोडी.

आता सांग, काय म्हणत होतास? आपल्या धरणाजवळच्या प्रतापगडाकडून येताना उतार लागला तशी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, अन् थेंबभर पेट्रोल न जाळता खाली आला? अन् हा शुभम बाजूला बसून टाळ्या वाजवत होता?

हसा. तुमचं हसून होऊ द्या, मंग मी बोलतो.

चाळीस वर्षं मी गाड्यांच्या खाली झोपलो आहे. अर्जुनीच्या गॅरेजमध्ये माझ्या हाताखालून किती गाड्या गेल्या त्याचा हिशोब नाही. म्हणून एवढं ऐका. भरलेली बंडी उताराले लागली का बैल काय करते? मान मागं टाकते, खूर रोवते अन् वजन अंगावर घेते. गाडीचं इंजिन तसंच. गिअर लागलेला असला अन् तुम्ही ॲक्सिलेटर सोडला, का इंजिन चाकाले धरून ठेवते. चौथ्यात थोडं धरते, तिसऱ्यात जास्त, दुसऱ्यात तर असं धरते का माणूस पुढं झुकते. ब्रेक फेल झाला तरी हे बैल तुमच्याजवळ असते. अन् न्यूट्रल केला, नाही तर क्लच दाबून धरला, का बैल सुटले. बंडी एकटीच उतारावर.

हे मले माहीत होतं. पण शिकवावं ते टिकारामनं.

टिकाराम लांजेवार. रुचिकाचा बाप. तुम्ही त्याले पाहिलं नसेल. बारीक अंगाचा, आवाज हळू. देवानंद कापगतेचं ड्रायव्हिंग स्कूल होतं न, त्यात तो शिकवणारा होता. त्या स्कूलची पांढरी गाडी होती. शिकवणारा डावीकडं बसते, अन् त्याच्या पायाखाली पण एक क्लच, एक ब्रेक असते. दोन्हीकडची पायडलं खालून सळईनं जोडलेली. डावीकडचं दाबलं का उजवीकडचं आपल्याआप खाली जाते. पोरगं घाबरलं तर मास्तरनं गाडी आवरावी म्हणून ते.

टिकाराम प्रत्येकाले इटियाडोह धरणाच्या अलीकडच्या उतारावर न्यायचा. वर गाडी उभी करायची अन् विचारायचा, "समज, ब्रेक नाही. काय करशील?" पोट्टे काहीही सांगत. चाबी बंद करीन, उडी मारीन. तो म्हणायचा, "चाबी बंद केली तर स्टेअरिंग अडकन. न्यूट्रल तर करूच नको. ॲक्सिलेटर सोड. क्लच दाब, तिसरा टाक, क्लच सोड. थांब जरा, धरू दे इंजिनले. क्लच दाब, दुसरा टाक, क्लच सोड. झटका बसन, घाबरायचं नाही. मंग पहिला. मंग हँडब्रेक." अन् शेवटी म्हणायचा, "सगळा जीव त्या सोडण्यात आहे. दाबून ठेवलास तर मेलास."

टिकाराम आधी पीत होता. लपवायची गोष्ट नाही, साऱ्या गावाले माहीत होतं. रुचिका दुसरीत होती तवा त्यानं सोडली. मंग तिची बारावी झाली तरी थेंब घेतला नाही. लग्नात पोट्टे आग्रह करायचे तर हा ताटावरून उठून जायचा.

२०२३ चा जून. दुसरा शनिवार. देवानंदनं ती पांढरी गाडी माझ्याकडं आणली. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, ऑइल दाबून ब्रेक लावते तो, गळून राहिला होता. मी म्हटलं, "ही रोडवर काढू नको. सिलिंडर बदलावा लागन." तो म्हणे, "सोमवारी बदलू. आता ऑइल भरून दे, उद्या शिकवणी आहे."

अन् मी भरून दिलं.

हे ध्यानात ठेवा. मी भरून दिलं. त्याच्या साऱ्या गाड्या माझ्याकडं यायच्या, मी वाद घातला नाही. टिकारामले कोणी काही सांगितलं नाही. न त्यानं, न मी.

रविवारी सायंकाळी टिकाराम खुशीले घेऊन गेला. कॉलेजातली पोरगी, चौथा का पाचवा दिवस तिचा. उतारावर ब्रेक गेला. खाली मोड आहे, रस्ता वळते, तिथं नहराची पुलिया, लहान पूल. पुलियावर चार पोरं गळ टाकून बसली होती. टिकारामनं डावीकडून हात घालून गिअर पाडले असतील, स्टेअरिंग वळवलं असेल. गाडी पुलियाच्या अलीकडं मोहाच्या झाडाले लागली. डाव्या बाजूनं. स्वतःची बाजू दिली त्यानं. खुशीचा हात मोडला, डोक्याले मार बसला. जगली, पण त्या दिवसाचं तिले आजही काही आठवत नाही. टिकाराम जागीच गेला.

गाडी ओढायले मी गेलो होतो. गिअर पाहिला. दुसरा लागलेला होता. पिऊन तर्र असलेला माणूस चौथ्यावरून दुसऱ्यावर येते का?

अन् सीटखाली दारूचा पव्वा सापडला.

मी पाहिला तो. ज्या गाडीत एक काच धड राहिली नव्हती, तिच्यात तो पव्वा असा साबूत, जसा आत्ताच दुकानातून आणला. माझ्या आधी तिथं देवानंद येऊन गेला होता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी गाडीले साखळी बांधली.

मंग देवानंदनं जिथं तिथं सांगायले सुरुवात केली. "टिकाराम पिऊन होता हो. माझ्या गाडीचं नुकसान झालं ते झालं, पण त्या पोरीचा जीव गेला असता." अन् लोकांनी मानलं. आधी पीत होता न तो. खुशीच्या बापानं टिकारामच्या घराकडं पाहणं सोडलं. तेरवीले पंगतीत माणसं नव्हती. रुचिकाची सोयरीक जवळपास जुळली होती, ती मोडली. पाहुण्यांनी निरोप धाडला, दारुड्याची पोरगी नको.

नंदाबाई, टिकारामची बायको, एक दिवस माझ्या गॅरेजवर आली. बाहेरच उभी राहिली. "जागेश्वरभाऊ, गाडी तुम्ही ओढली. खरं काय ते सांगा."

मी हात पुसत होतो. पुसतच राहिलो. म्हटलं, "मले काय माहीत, वहिनी."

ती म्हणे, "तुमाले माहीत नाही? बरं. ज्याले माहीत आहे तो सांगन." अन् गेली.

आबाजी, तुम्ही काऊन नाही सांगितलं, असंच विचारणार न तू, हिमांशू? मले माहीत नाही, बाबू. आजही माहीत नाही. भ्यालो म्हण.

दिवाळीपर्यंत देवानंदनं ती गाडी दुरुस्त करून घेतली. माझ्याकडूनच. या वेळी मास्टर सिलिंडर नवा टाकला, पाइप नवे, सारं नवं. मी स्वतः दहादा ब्रेक दाबून पाहिला. दगडासारखा कडक.

आता जे सांगतो ते ज्या रात्री घडलं त्याच रात्री देवानंदनं मले, माझ्या गॅरेजच्या बाकड्यावर बसून सांगितलं.

तीस नोव्हेंबर २०२३. गुरुवार होता, संकष्टी होती. अवकाळी पाऊस दोन दिवस झोडपून गेलता, बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा भिजून पडल्या होत्या, अन् आभाळ अजून उघडलं नव्हतं. देवानंद तीच पांढरी गाडी घेऊन धरणाकडच्या एका गावात गेला होता, उमराव नावाच्या म्हाताऱ्याचं लायसन द्यायले. साठीत गाडी शिकला तो म्हातारा, टिकारामकडूनच. लायसन पाहून खूश झाला, चहा ठेवायले लावला. चहा पिताना म्हणे, "मास्तर असता तर त्याले पेढा दिला असता. चांगला माणूस होता."

देवानंद म्हणे, "चांगला होता, पण बाटली सुटली नाही त्याची."

म्हातारा उठला. कप उचलून आत गेला.

सव्वासातले देवानंद निघाला. वाटेत पुष्पांजलीचा, त्याच्या बायकोचा फोन आला. "आठच्या आसपास चंद्र निघते. मी उपाशी आहो, लवकर या." तो म्हणे, "येऊन राहिलो." फोन ठेवला. उतार लागला. चौथा गिअर, साठचा स्पीड. समोर कोणी नाही. त्यानं सहज ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला. पार खाली. काही लागलंच नाही.

पुन्हा दाबला. पुन्हा. जसा पाण्यात पाय टाकावा.

तो घाबरला, पण तोही ड्रायव्हिंग स्कूलवाला. हँडब्रेक ओढला, तो काडीसारखा वर आला, काही धरलं नाही. ठीक. ॲक्सिलेटर सोडला. क्लच दाबला, तिसरा टाकला, क्लचवरून पाय उचलला.

अन् गाडीनं धरलंच नाही.

इंजिन हळू घुमत होतं, जसं उभ्या गाडीचं घुमते. त्याले वाटलं, गिअर पडला नाही. हलवून पाहिला. लागलेला होता. मंग त्यानं खाली पाहिलं.

त्याचा पाय वर होता. क्लच खालीच होता.

पायडल तळाले टेकलेलं. वर यायले तयार नाही. त्यानं बोटं खाली घालून ओढून पाहिलं, हललं नाही. मंग त्यानं... डावीकडं मान वळवली.

सीट रिकामी होती.

सीटच्या खाली, पायाजवळ, डावीकडचा क्लच दबलेला होता. तळापर्यंत.

तिथं पाय नव्हता. काहीच नव्हतं. फक्त पायडल... दबलेलं.

स्पीड सत्तर. त्यानं दुसरा टाकला. गिअर लोण्यासारखा पडला, क्लच दबलेलाच होता न. पण धरणार कोण? गाडी मोकळी धावून राहिली. पंचाहत्तर. दूर लाईटमध्ये पुलियाचा पांढरा कठडा दिसला.

त्याच्या तोंडातून निघालं, "टिकाराम..."

पायडल बोटभर वर आलं. इंजिन गुरगुरलं. गाडी जराशी अडखळली.

अन् पुन्हा दबलं.

"काय पाहिजे तुले?"

काही नाही.

"टिकाराम, सोड! क्लच सोड!"

काही नाही... नुसती चाकं वाजून राहिली होती.

मंग तो रडायले लागला. म्हणे, "तू पिऊन नव्हता." पायडल अर्ध्यावर आलं. इंजिननं दात रोवले, गाडीले झटका बसला, तो स्टेअरिंगवर आपटला. तिथंच थांबलं ते. अर्ध्यावर. जसं कोणी पुढचं ऐकायले थांबलं आहे.

"पव्वा मी ठेवला होता. मी ठेवला! सिलिंडर गळत होता, मले माहीत होतं. उद्या सांगतो. नंदाबाईले सांगतो. साऱ्या गावासमोर सांगतो!"

पायडल वर आलं. पूर्ण.

इंजिन असं ओरडलं का त्याले वाटलं फाटलं आता. पण आवरली गाडी. पन्नास, तीस, वीस. पहिला टाकला, क्लच सोडला, तो सुटला. गाडी हळूहळू डावीकडं उतरली अन् थांबली. लाईटमध्ये पाहते तर समोर मोहाचं झाड. हातभर दूर.

तिथून तो पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगवत माझ्याकडं आला. शर्ट पाठीले चिकटलेला. त्याले घाम अन् बाहेर गारठा. सारं सांगून झालं तवा म्हणे, "ब्रेक पाहून दे." मी पाहिला. ऑइल खुणेपर्यंत भरलेलं. पायडल दगडासारखं कडक. हँडब्रेक ओढला, जागच्या जागी लागला.

मी म्हटलं, "सांगशील न उद्या?"

"सांगतो, भाऊ. आईची शपथ."

सकाळी आठले आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. म्हणे, "ते डावीकडचे पायडल काढून टाक."

"अन् नंदाबाई?"

"भास होता तो. दोन दिवसांची झोप नव्हती मले." मंग माझ्याजवळ सरकला. "अन् सांगितलं तर तूही येशील त्यात. ऑइल कोणी भरलं?"

मी पाना घेतला अन् खाली शिरलो. डावीकडचा क्लच काढला, ब्रेक काढला, जोडणारी सळई काढली. फरशीची भोकं बुजवली, वर मॅट टाकली. सारं भंगारात फेकलं. त्या गाडीवर आता शिकवता येत नव्हतं, म्हणून तो स्वतःच वापरायले लागला. तीन आठवडे काही झालं नाही. दिवसा जायचा, रात्री जायचा. मले भेटला का हसायचा. "पाहिलं? भास होता म्हटलं न."

शुभम, थंडी वाजून राहिली का? घे, हे घोंगडं घे.

वीस डिसेंबर. बुधवार. रुचिकाले दुसरं स्थळ आलं होतं, अन् त्यांच्याही कानावर तीच गोष्ट गेली. तवा नंदाबाईनं सरपंचाले सांगून तिच्या गावात, उताराच्या वर, बैठक बोलावली. ग्रामपंचायतीसमोर सतरंजी टाकली. पाच वाजता सारे जमले. देवानंदले बोलावलं, मलेही बोलावलं. रुचिका आईच्या मागं बसली होती, डोक्यावर ओढणी, नजर खाली.

नंदाबाईनं फक्त एवढंच विचारलं, "माझा माणूस पिऊन होता का?"

देवानंद उभा राहिला. मले वाटलं, सांगन आता. त्याच्या कपाळावर शीर उडून राहिली होती. पण तो म्हणे, "पव्वा सापडला होता गाडीत. पोलिसांसमोर सापडला. मी काय खोटं बोलून राहिलो? मेलेल्या माणसाबद्दल बोलायले मले चांगलं वाटते का?"

नंदाबाई माझ्याकडं वळली. "जागेश्वरभाऊ?"

साऱ्यांच्या माना माझ्याकडं फिरल्या.

मी म्हटलं, "मले... नीट आठवत नाही, वहिनी."

रुचिका उठून घरात निघून गेली. नंदाबाईनं साऱ्यांना हात जोडले. म्हणे, "झालं. माझं विचारून झालं."

चिडली नव्हती ती. तेच मले जास्त लागलं.

सात वाजायले दहा मिनिटं होती तवा देवानंद पांढऱ्या गाडीनं घरी जायले निघाला. मी मोटरसायकल काढून त्याच्या मागंच. त्याचे मागचे लाल दिवे मले समोर दिसून राहिले होते. आभाळ साफ होतं, थंडी कडक. रोडवर दुसरं कोणी नाही.

उतार लागला.

त्याचे ब्रेकचे दिवे पेटले. मी म्हटलं, बरं. सांभाळून जाऊन राहिला.

दिवे पेटलेलेच राहिले. अन् गाडी दूर जाऊन राहिली.

मी ॲक्सिलेटर पिळला. दिवे लालभडक. म्हणजे ब्रेकवर पाय आहे, पुरा जोर आहे. गाडी थांबत नाही. माझ्या हातानं बसवलेला ब्रेक.

मंग इंजिनचा आवाज आला. गुर्रर्र... तिसरा पडला. मी मनात म्हटलं, शाबास, धरलं. आता आवरन.

आवाज बंद झाला.

जसा कोणी तोंडावर हात ठेवावा तसा. नुसती चाकं.

पुन्हा आला. मोठा. गुर्रर्र... दुसरा. गाडी झटक्यानं हळू झाली, मले दिसलं, मागचा भाग उचलला गेला.

पुन्हा बंद.

अरे, डावीकडचा क्लच तर मी काढला होता. मी स्वतः. भंगारात फेकला होता...

तिसऱ्यांदा आवाज आला तो इंजिनचा नव्हता. त्याच्या बाजूची काच खाली असेल. तो ओरडून राहिला होता.

"सोड! सांगतो! आता सांगतो, टिकाराम... या वेळेस खरंच सांगतो! सोड!"

मंग काहीच नाही.

मी वाट पाहत होतो, गुरगुर येईल. एकदा तरी येईल. मागच्या वेळी सोडलं होतं न...

नाही सोडलं.

लाल दिवे डावीकडं वळले. अन् ठोकर लागल्याचा आवाज आला.

मी पोहोचलो तवा मोहाची पानं अजून गळून राहिली होती. तेच झाड. पण या वेळेस उजवी बाजू चेपली होती, देवानंदची. डावीकडं ओरखडासुद्धा नाही. एक दिवा चालू होता. इंजिनही चालू होतं. हळू, शांत, जसं दारात उभ्या गाडीचं असते.

मी मोबाईलची बॅटरी लावून आत पाहिलं. देवानंद गेला होता. डोळे उघडे होते, डावीकडं वळलेले. गिअर पहिला. त्याचे दोन्ही पाय... दोन्ही... ब्रेकवर होते. एकावर एक.

अन् क्लच खाली होता.

मी पाहून राहिलो. तिथून हलता येईना मले. अन् माझ्यासमोर ते पायडल वर यायले लागलं. हळूच. टिकाराम शिकवायचा तसं, हळूच, घाई न करता. अर्धं आलं. इंजिननं धरलं. पूर्ण गाडी झाडाले भिडून थरथरली... अन् बंद पडली.

मंग सारं शांत.

मी घरी गेलो नाही. मोटरसायकल उलटी फिरवली. वाटेत फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली, पोलिसांना कळवलं, अन् सरळ नंदाबाईच्या दारात उभा झालो. ती चुलीपाशी होती. मी उंबऱ्याबाहेरूनच बोलायले लागलो. सिलिंडर गळत होता. ऑइल मी भरलं. टिकारामले सांगितलं नाही. गिअर दुसरा लागलेला होता. पव्वा देवानंदनं नंतर ठेवलेला होता. तो पिऊन नव्हता. अकरा वर्षं पिऊन नव्हता.

तिनं सारं ऐकलं. मंग आत पाहून हाक मारली, "रुचिका, बाहेर ये." माझ्याकडं वळली. "आता पुन्हा सांगा. तिच्यासमोर."

मी पुन्हा सांगितलं. पोरगी भिंतीले टेकून उभी होती. रडली नाही. फक्त म्हणे, "उद्या हे साऱ्यांसमोर सांगान?" मी म्हटलं, "उद्या नाही, आताच चल." अन् त्याच रात्री, त्याच ग्रामपंचायतीसमोर, लोकांना घराघरातून बोलावून सांगितलं. खुशीचा बाप पुढं येऊन नंदाबाईच्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात लिहूनही दिलं. जे व्हायचं होतं ते मले झालं, ते वेगळं.

देवानंद गेला हे मी तिले सगळ्यात शेवटी, त्या रात्री तिच्या घरी परतल्यावर सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मंग म्हणे, "पुष्पांजली घरी एकटी असन. तिले सांगायले कोणी गेलं का?" अन् स्वतःच पायात चप्पल घातली. तिच्या मनात बदला नव्हता. ज्याच्या होता तो वेगळा.

आता एक राहिलं. हे मी ठाण्यात लिहून दिलं नाही. लिहून काय देणार?

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी मले बोलावलं, गाडी खोलायले. ठाण्याच्या मागच्या आवारात उभी होती ती. उजवीकडचं दार कापूनच काढावं लागलं. देवानंदच्या सीटचा पट्टा जाम झालेला. ठोकर लागते तवा माणसाचं वजन पट्ट्यावर येते, पट्टा ताणते, जिथं कडीतून जाते तिथं चोळल्यासारखा चकचकीत होते, अन् मंग मागं गुंडाळला जात नाही. अशा कितीतरी गाड्या पाहिल्या मी. पट्टा पाहून सांगतो, इथं माणूस बसलेला होता का नाही.

मंग मी डावीकडचं दार उघडलं. ते सहज उघडलं.

बैठकीतून देवानंद निघाला तवा मी त्या दाराशीच उभा होतो, पोट्टेहो. सीट रिकामी होती. शपथेवर सांगतो. तो एकटा गेला.

त्या सीटचा पट्टा लावलेला होता.

आडवा ओढून, खाली खटक्यात अडकवलेला. बटण दाबलं, निघाला नाही. जाम. कडीजवळ पाहिलं, चोळलेला, चकचकीत. वजन आलेलं त्याच्यावर. एका माणसाचं वजन.

शिपाई म्हणे, "काय झालं, भाऊ?" मी म्हटलं, "काही नाही. कैची द्या."

मी तो पट्टा कापला. कापताना हाताले लागला...

आतल्या बाजूनं ओला होता. घामानं.